फिल्म नॉयर: नाव मागाहून पडलं (आणि शेवटी एक कोडं)

शेवटचाखेळ

मागच्या रविवारी भाचा घरी आला होता. कुठलीशी वेबसिरीज लावून म्हणाला, "मावशी, बघ, एकदम नॉयर आहे." का रे, तर म्हणे सगळी अंधारात आहे. दोन भाग बघितले. अंधार होता खरा. इतका, की कोण कुणाला मारतंय हे कळायला टीव्हीचा ब्राइटनेस वाढवावा लागला. त्यावरून आमची जी जुंपली, ती इथे मांडते आहे.

माझं म्हणणं असं, की जुन्या नॉयरमधला (नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा; चाळिशी-पन्नाशीतल्या काळोख्या अमेरिकन गुन्हेपटांना हे नाव आहे) अंधार लक्षात राहतो तो उजेड नेमका कापल्यामुळे. आणि ही कापाकापी करणाऱ्यांपैकी कुणीही "चला, आता एक नॉयर काढू" म्हणून सेटवर गेलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते मेलोड्रामा काढत होते, नाहीतर खुनाची गोष्ट. नाव पडलं मागाहून, आणि तेही साता समुद्रापार.

नावाची गोष्ट थोडक्यात. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसात शिरल्या आणि पुढे तिथला अमेरिकन सिनेमा बंद झाला. युद्ध संपल्यावर, मे १९४६ मध्ये, फ्रान्स-अमेरिकेचा कर्जमाफीचा करार झाला (ब्लूम-बर्न्स करार). त्यात अमेरिकन चित्रपटांना फ्रान्सची दारं उघडून देण्याचं कलम होतं. चार-पाच वर्षांचं तुंबलेलं पाणी एकदम सुटलं. त्या उन्हाळ्यात पॅरिसकरांनी 'द मॉल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'मर्डर, माय स्वीट', 'डबल इन्डेम्निटी' आणि 'द वुमन इन द विंडो' पाठोपाठ बघितले. अमेरिकेत पहिला १९४१चा आणि बाकीचे १९४४चे. तिथे लोकांनी एक बघितला, घरी गेले, मधे दहा विनोदी आणि चार युद्धपट बघितले, मग दुसरा. पॅरिसवाल्यांना मात्र सगळे एका पंगतीत वाढले गेले आणि चव एकच आहे हे लगेच जिभेला कळलं. ऑगस्ट १९४६ मध्ये नीनो फ्रँक या मूळच्या इटालियन समीक्षकाने 'लेक्राँ फ्राँसे' या साप्ताहिकात त्यांना 'नॉयर' म्हटलं. शब्द हाताशीच होता. गालिमार प्रकाशनाने १९४५ साली काळ्या वेष्टनातल्या गुन्हेगारी कादंबऱ्यांची 'सेरी न्वार' नावाची माला सुरू केली होती.

त्या पाचांपैकी तिघांचे दिग्दर्शक जर्मन भाषक: फ्रिट्झ लँग, ओटो प्रेमिंगर आणि बिली वाइल्डर. इथून पुढे मी वाइल्डरवरच बोलणार, कारण 'डबल इन्डेम्निटी' माझा लाडका आहे आणि धागा माझा आहे.

वाइल्डर ज्यू, जन्म ऑस्ट्रियन साम्राज्यातला, उमेदवारी बर्लिनला, आधी वार्ताहर म्हणून, मग पटकथालेखक म्हणून. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि वाइल्डरने बर्लिन सोडलं. आधी पॅरिस, पुढच्या वर्षी हॉलिवूड. गंमत बघा, १९३० मध्ये रॉबर्ट सिओडमाक, एडगर उल्मर आणि वाइल्डर या पोरांनी मिळून बर्लिनमध्ये एका सुट्टीच्या दिवसावर मूकपट काढला होता: तळ्यावर पोहायला गेलेली मुलं-मुली, ऊन, रेती, खिदळणं. दहा-पंधरा वर्षांनी हीच तिघं हॉलिवूडमध्ये खून, खंडणी आणि दगाबाजीचे चित्रपट काढत होती. मधे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष चित्रपट. वॉल्टर नेफ (फ्रेड मॅकमरे) हा विमा एजंट एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या पॉलिसीचं नूतनीकरण करायला त्याच्या घरी जातो. भर दुपार, लॉस एंजेलिसचं ऊन. नवरा घरात नाही, बायको फिलिस (बार्बरा स्टॅनविक) आहे. मोलकरीण त्याला दिवाणखान्यात बसवते. खिडक्यांना व्हेनेशियन ब्लाइंड्स (आपल्याकडे ऑफिसांत असतात तसल्या आडव्या पट्ट्या) अर्धवट मिटलेल्या. बाहेरचं ऊन त्यातून आत येतं ते पट्टे होऊनच, आणि नेफ फिरता फिरता त्या पट्ट्यांत शिरतो. कोटावर, तोंडावर गजांसारख्या सावल्या. अजून त्याने काही केलेलंच नाही! हवेत धूळ तरंगताना दिसते. ही धूळ दिसावी म्हणून कॅमेरामन जॉन साइट्झने ॲल्युमिनियमचा बारीक कीस हवेत उडवला होता. मला हा प्रसंग रात्रीच्या कुठल्याही प्रसंगाहून जास्त गुदमरवणारा वाटतो. सगळा उजेड बाहेर आहे, आणि या घराला तो नको आहे.

पुढे ती जिन्यावरून उतरते तेव्हा कॅमेरा तिच्या पावलांवर. डाव्या पायात सोनेरी साखळी. नेफ ती बघतो, आपण त्याला ती बघताना बघतो. संपलं. माणूस गेला कामातून.

खुनाचा प्रसंग तर डोळे फाडून बघण्यासारखा. कारण खून दिसतच नाही. ती गाडी चालवते आहे, शेजारी नवरा, मागच्या सीटखाली नेफ लपलेला. ती ठरलेल्या ठिकाणी हॉर्न वाजवते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो. बाजूला झटापटीचे आवाज, आणि तिची नजर समोर रस्त्यावर. ओठ जरासे घट्ट, डोळ्यांत थंड समाधान. त्या काळच्या हॉलिवूडला स्वतःची सेन्सॉरसंहिता होती, १९३४ पासून ती जोसेफ ब्रीन नावाचा गृहस्थ कडक पाळून घ्यायचा. जेम्स केनची ही मूळ कथा १९३५ मध्ये स्टुडिओंकडे फिरली, तेव्हा ब्रीनच्या कचेरीच्या पत्राने ती आठ वर्षं बासनात गेली. अखेर परवानगी मिळाली, आणि जे दाखवायला बंदी होती ते बार्बरा स्टॅनविकच्या तोंडावर दिसलं. ब्रीनसाहेबांचे आभारच मानले पाहिजेत.

अजून पुष्कळ आहे (गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिणारा रेमंड चँडलर आणि वाइल्डर एका खोलीत बसून पटकथा लिहीत होते आणि एकमेकांना पाण्यात बघत होते, तो एक स्वतंत्र धागा होईल), पण हात दुखले.

कोडं: चित्रपटात एक ढळढळीत चूक आहे. पडद्याच्या मधोमध. वाइल्डरला ती माहीत होती, तरी त्याने ठेवली, कारण तिच्याशिवाय एक प्रसंग उभाच राहत नाही. बघा सापडते का.


कांदेपोहे

वाखूसा (वाचनखूण साठवली). मी पयला.

कोड्याचं उत्तर: नेफ सडाफटिंग दाखवलाय आणि फ्रेड मॅकमरेच्या बोटात लग्नाची अंगठी आहे. मिळालं का बक्षीस?


शेवटचाखेळ

@कांदेपोहे, अंगठी आहे, नजर तेज आहे, पण उत्तर ते नाही. अंगठी काढून चित्रीकरण करता आलंच असतं, प्रसंग त्यावर अडत नाही.


शंकेखोर

लेख छान, दोन शंका.

पहिली, उच्चार 'न्वार'. तुम्हीच 'सेरी न्वार' लिहिता आणि मग 'नॉयर' लिहिता, हे काय?

दुसरी जरा महत्त्वाची. फ्रेंच वर्तमानपत्रांत हा शब्दप्रयोग १९३८-३९ मध्येच सापडतो, आणि तो शिवी म्हणून. त्या वेळी फ्रान्समध्येच धुक्यातली बंदरं, पळपुटे सैनिक आणि नशिबाने नाडलेली माणसं यांवर चित्रपट निघत होते. उजव्या विचारांच्या वर्तमानपत्रांना ते देशाचं मनोधैर्य खच्ची करणारे वाटत. म्हणजे फ्रँकने शब्द घडवला नाही. पडलेला उचलला, झटकला आणि कौतुकासाठी वापरला.


शेवटचाखेळ

@शंकेखोर, दुसरी शंका शंभर टक्के मान्य, आणि मला ती लेखात घालायला हवी होती. 'घडवलं' असं मी लिहिलेलं नाही एवढं मात्र नोंदवते. :)

पहिलीबद्दल: फ्रेंच लोक 'न्वार' म्हणतात, भाचा 'नॉयर' म्हणतो. मी भाच्याशी बोलते, फ्रेंच लोकांशी बोलायची वेळ फारशी येत नाही.


निवृत्त_विमावाला

ताई, हा धागा आमच्यासाठीच काढल्यासारखा आहे. एकतीस वर्षं विम्यात काढली, शेवटची नऊ क्लेम्समध्ये. हा चित्रपट मला एका वरिष्ठांनी ट्रेनिंग म्हणून दाखवला होता. खरंच.

आधी शीर्षक. 'डबल इन्डेम्निटी' म्हणजे अपघाती मृत्यू झाला तर विम्याची रक्कम दुप्पट. आपल्याकडे 'डबल ॲक्सिडेंट बेनिफिट', आम्ही नुसतं डीएबी म्हणायचो. चित्रपटात पॉलिसी पन्नास हजार डॉलरची आणि आगगाडीचा अपघात झाला तर एक लाख. म्हणून नवऱ्याला रुळावर मेलेला दाखवायचं. गळा गाडीत दाबायचा, मग नेफने त्याच्या वेशात कुबड्या घेऊन ट्रेनमध्ये चढायचं, शेवटच्या डब्याच्या मागच्या सज्जातून उडी मारायची आणि आधीच आणलेलं प्रेत रुळावर ठेवायचं.

आता क्लेमवाल्याच्या नजरेने बघा. प्रपोजलवर सही फसवून घेतलेली, नवऱ्याला वाटलं गाडीच्या कागदाची दुसरी प्रत आहे. पॉलिसीची शाई वाळली नाही तोवर क्लेम. याला आम्ही 'अर्ली क्लेम' म्हणतो. आपल्याकडे असली फाइल टेबलावर आली की तपासणी ठरलेली. पण नेफच्या कंपनीत क्लेम तपासणारा बार्टन कीज (एडवर्ड रॉबिन्सन, काय माणूस आहे!) याला पकडतो तो यातल्या कशावरून नाही. नवऱ्याचा पाय मोडला होता, प्लास्टर होतं, कुबड्या होत्या. अपघाताचा विमा असलेल्या माणसाचा पाय मोडला आणि त्याने क्लेम केला नाही? का नाही केला? कारण पॉलिसी आहे हे त्याला माहीतच नव्हतं! हे डोक्यात येतं तेव्हा कीज जेवण टाकून उठतो. मी असे दोन-तीन दिवस नोकरीत अनुभवले आहेत. भूक खरंच मरते.

आणि आत्महत्येच्या तक्त्यांचं ते भाषण! कंपनीचा मालक म्हणतो ही आत्महत्या आहे, पैसे द्यायचे नाहीत. तेव्हा कीज एका श्वासात ऐकवतो: आत्महत्या वंशानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, दिवसाच्या प्रहरानुसार, मग प्रकारानुसार, विष असेल तर कुठलं विष, उडी असेल तर कशावरून. आणि या सगळ्यात चालत्या आगगाडीच्या मागून उडी मारून केलेली आत्महत्या एकही नाही. गाडीचा वेग ताशी पंधरा मैल होता, त्याने कोण मरतो? आमच्या ऑफिसात एक जण हे भाषण पाठ म्हणून दाखवायचा, दरवर्षी स्नेहसंमेलनात.

मूळ प्रकरण खरं आहे. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर या बाईने प्रियकर जड ग्रे याच्याबरोबर नवऱ्याचा खून केला. नवऱ्याच्या नावावर दुप्पट भरपाईचं कलम असलेली पॉलिसी त्याला नीट न कळवता काढलेली होती. जानेवारी १९२८ मध्ये दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं. एका छायाचित्रकाराने घोट्याला छोटा कॅमेरा बांधून आत नेला आणि तिचा शेवटचा क्षण टिपला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर. केन तेव्हा न्यूयॉर्कमध्येच पत्रकार होता.

घोट्याला कॅमेरा. आणि चित्रपटात घोट्याला साखळी. योगायोग असेल, पण माझ्या डोक्यातून जात नाही.


शेवटचाखेळ

काका, नमस्कार घ्या. घोट्याचं माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.


लाइटमन_नं_४

धागा चांगला, पण धागाकर्तीने नेहमीचीच टेप लावली आहे: बर्लिनहून सावल्या आल्या, हद्दपारीचं दुःख वगैरे. मी बावीस वर्षं सेटवर लाइट उचलले आहेत. मला विचाराल तर अंधार स्वस्त असतो म्हणून असतो.

सोपं सांगतो. समोरून एक मुख्य लाइट, तो 'की'. त्याने पडलेल्या सावल्या भरायला दुसऱ्या बाजूने हलका, तो 'फिल'. मागून खांदे-केस सुटे करायला 'बॅक'. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये नट्यांच्या तोंडावर फिल इतका मारायचे की बाई मैद्याची वाटावी. नॉयरवाल्यांनी फिल बंद केला किंवा नावाला ठेवला. एक लाइट कमी, एक माणूस कमी, सेटअपला अर्धा वेळ. मग 'की'च्या पुढे कटर लावायचा, म्हणजे जिथे नको तिथे उजेड जात नाही. आणि जिथे उजेड जात नाही तिथे सेट बांधावा लागत नाही! भिंत नाही, रंग नाही, फर्निचर नाही.

युद्धात तर सरकारनेच हात बांधले होते. १९४२ पासून एका चित्रपटाच्या सेटसाठी नवं सामान जास्तीत जास्त पाच हजार डॉलरचं वापरायचं, असा नियम होता. लाकूड, खिळे, सगळं लढाईला. जुनेच सेट पुन्हा पुन्हा, आणि ओळखू येऊ नयेत म्हणून सावलीत.

उल्मरचा 'डिटूर' (१९४५) बघा. गरीब स्टुडिओ, हातात दमड्या. न्यूयॉर्कचा रस्ता हवा होता, रस्ता नव्हता. मग धूर सोडला, एक दिव्याचा खांब, दोन पाट्या, झालं न्यूयॉर्क. नायक अंगठा दाखवत लिफ्ट मागत जातो ते शॉट्स उलटी निगेटिव्ह लावून घेतले आहेत, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे दिसतं. अमेरिकन लोक याला हसतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्यात काही चुकलंय हेच कळलं नाही, आपल्याकडे उजवीकडेच असतं की!


शेवटचाखेळ

@लाइटमन, स्टिअरिंगवर फुटले!

पण एक सांगा. 'डबल इन्डेम्निटी' पॅरामाउंटचा, मोठे नट, मोठं बजेट, सात ऑस्कर नामांकनं (मिळालं एकही नाही). तिथे कुठे दमड्यांची चणचण होती? साइट्झला हवे तेवढे फिल मारता आले असते. आणि अंधार स्वस्त म्हणून वापरला तर भाच्याच्या वेबसिरीजसारखा होतो. पट्टे नेमके नेफच्या छातीवर पडावेत यासाठी तास गेले असतील.


लाइटमन_नं_४

पाच हजारांचा नियम मोठ्यांनाही होता, ताई. पण ठीक, पट्ट्यांबद्दल मान्य. पट्टे पाडायचे तर लाइट लांब आणि एकच लागतो, दोन झाले की सावली दुहेरी होऊन पुसट होते. ब्लाइंड कॅमेऱ्याच्या चौकटीत असेल तर अजून कटकट. त्यात नट चालणार, म्हणजे खुणा मारून ठेवायच्या. काम आहे ते.

हंगेरीत जन्मलेला जॉन आल्टन मात्र माझ्या बाजूचा. 'टी-मेन' (१९४७) आणि 'द बिग कॉम्बो' (१९५५) बघा. शेवटी धुक्यात दोन काळ्या आकृत्या आणि मागे एक उजेड. बास. त्याने १९४९ मध्ये लाइटिंगवर पुस्तक लिहिलं, ते आमच्या धंद्यात अजून वाचतात. जर्मन सावल्या म्हणता, पण १९२०च्या 'कॅलिगरी' या जर्मन मूकपटामध्ये तर सावल्या चक्क रंगाने रंगवलेल्या आहेत! का, तर प्रत्यक्ष पाडण्यापेक्षा ते परवडलं म्हणून, असं आपलं मला वाटतं.


शंकेखोर

'असं आपलं मला वाटतं' यावर 'कॅलिगरी' निकालात काढू नका हो. तिथे घरंही वाकडी रंगवली आहेत, ती काय स्वस्त पडतात म्हणून?


लाइटमन_नं_४

वाकडं घर काटकोनात नसतं, सुतार कमी लागतो.

(हे गमतीत आहे. उगाच मारायला येऊ नका.)


काकूबाई

सगळे पुरुष लाइट आणि फाइली घेऊन बसले आहेत, फिलिसबद्दल कुणी बोलणार की नाही?

तो सोनेरी टोप! पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं गणेशोत्सवातल्या नाटकातला आहे. पॅरामाउंटचा एक बडा साहेब रशेस (चित्रीकरणाचे कच्चे तुकडे) बघून म्हणाला होता की आपण पैसे दिले स्टॅनविकला आणि पडद्यावर आला जॉर्ज वॉशिंग्टन. वाइल्डर पुढे म्हणायचा की बाई खोटी वाटावी म्हणून मुद्दामच. मुद्दाम असो नसो, जमलंय. तिचं सगळंच विकतचं वाटतं, अत्तरसुद्धा.

या 'घातकी बाई'बद्दल एक ठरलेलं विवेचन असतं: युद्धात बायका कारखान्यांत कामाला लागल्या, सैनिक परतले, त्यांना बायकांची भीती वाटली, म्हणून पडद्यावर अशा बायका. मला ते अर्धंच पटतं. केनची कथा युद्धाच्या आधीची आहे आणि रूथ स्नायडर त्याच्याही आधीची. फिलिस कुठल्या कारखान्यात जाते? ती त्या धुळीच्या दिवाणखान्यात दिवसभर बसलेली असते, नवरा पैशाचा हिशोब मागतो, सावत्र मुलगी तोंड फिरवते. मी तिची बाजू घेत नाहीये, खुनी आहे ती. पण सुपरमार्केटमध्ये डब्यांच्या फळ्यांआड उभी राहून ती नेफशी कुजबुजते, तिथे शेजारून एक बाई येऊन उंचावरचा डबा काढून द्यायला सांगते. खुनाचा बेत चालू आणि मधे वाणसामान! घर चालवणाऱ्या बाईलाच कळेल की याहून सुरक्षित जागा जगात नाही.


बर्बँकची_सून

मी इथे लॉस एंजेलिसजवळ सोळा वर्षं राहते. भाड्याच्या घरांत त्या ब्लाइंड्स अजून असतात, आता प्लॅस्टिकच्या. दुपारी चारला पश्चिमेचं ऊन आलं की सोफ्यावर, भिंतीवर, मुलाच्या अभ्यासाच्या वहीवर पट्टेच पट्टे. पहिल्या वर्षी मला फार उदास व्हायचं, का ते कळत नव्हतं. पावसाची उदासी आपल्याला ठाऊक असते, तिला शब्द असतात, भजी असतात. इथे आकाश निळंभोर आणि तरी जीव लागत नाही. बर्लिनहून आलेल्या माणसांचं काय झालं असेल, मला थोडं समजतं.


मालाडकर

वरच्या जर्मन वादात आमच्या मालाडला कुणी विचारात घेतलं नाही, म्हणून हा प्रतिसाद.

हिमांशू रॉय आणि देविका राणींनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग, दोघे म्युनिकचे. 'अछूत कन्या' (१९३६) यांचाच. युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांनी ऑस्टेनला पकडलं. विर्शिंगही स्थानबद्ध होता, पण युद्धानंतर तो इथेच काम करत राहिला आणि १९४९ मध्ये त्याने 'महल'चं छायाचित्रण केलं. ती झुलणारी झुंबरं, वाऱ्याने हलणाऱ्या सावल्या, झोपाळ्यावरची मधुबाला. 'महल' भुताची गोष्ट म्हणून सुरू होतो, पण उजेड बघा, तो थेट त्याच घराण्यातला.

पण एक फरक आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. हॉलिवूडला गेले ते हिटलरपासून पळालेले. मालाडला आलेला ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद होता. तीच भाषा, तीच सावली पाडायची विद्या, आणि माणसं अशी दोन टोकांना. तेव्हा 'सावली म्हणजे हद्दपारीचं दुःख' हे समीकरण मालाडला लागू पडत नाही.

अवांतर: बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हटलं की आज लहान-मोठे कारखाने आणि वर्कशॉप. मशीनचा खडखडाट चालू असतो.


शेवटचाखेळ

@मालाडकर, या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. विद्या आणि माणूस वेगळे काढावे लागतील, आणि तसं केलं तर लाइटमनदादांची बाजू बळकट होते, हे जड मनाने लिहिते आहे.


लाइटमन_नं_४

जड मनाने का होईना. चहा पाजा.


पिटातला

मराठीत 'पाठलाग' (१९६४)? राजा परांजपे. कोर्टात उभी असलेली बाई, जिला नायक आपली मेलेली बायको समजावं की दरोडेखोर हे ठरवू शकत नाही. आमच्या गावच्या टुरिंग टॉकीजमध्ये बघितला होता, मध्यंतरात कुणी शेंगदाणे घ्यायला उठलं नाही. राज खोसलांनी त्यावरून १९६६ मध्ये 'मेरा साया' काढला. आणि हेच राज खोसला १९५६ मध्ये गुरुदत्तसाठी 'सी.आय.डी.' करून बसलेले, ज्याला सगळे बंबई नॉयर म्हणतात. म्हणजे धागा जुळतो की नाही?


शेवटचाखेळ

@पिटातला, 'पाठलाग'वर माझा जीव आहे, पण नॉयर म्हणायला जीभ रेटत नाही. तिथे कोडं असतं आणि ते सुटतं. नेफ तर पहिल्या पाच मिनिटांत खांद्यात गोळी घेऊन ऑफिसात येतो, डिक्टाफोनसमोर (आवाज टिपून घेणारं यंत्र) बसतो आणि कबूल करतो की खून मी केला, पैशासाठी आणि बाईसाठी, आणि दोन्ही मिळालं नाही. आता सुटायचं काय राहिलं? तरी आपण दीड तास हलत नाही. प्रेत टाकून परत गाडीत बसतात आणि गाडी चालूच होत नाही, तेव्हा आपल्याच पोटात गोळा येतो. खुन्यांची गाडी सुरू व्हावी म्हणून आपण देव पाण्यात घालतो! (वाइल्डरची स्वतःची गाडी एकदा ऐन वेळी सुरू होईना, त्यावरून त्याला हे सुचलं. तो धावत सेटवर परत गेला.)

आपल्या पन्नाशीच्या हिंदी चित्रपटांत नायकावर आळ येतो आणि शेवटी जातो. 'बाजी'तला देव आनंद जुगारी आहे, पण खुनी नाही. नेफ खुनी आहे आणि आपल्याला आवडतो, हा फरक.


निवृत्त_विमावाला

ताई, 'आपल्याला आवडतो' यावर एक शेवटचं. कीजलाही तो आवडतो. चित्रपटभर कीजच्या खिशात काडी नसते. दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवून देतो. शेवटी नेफ दारापाशी कोसळलेला, तोंडात सिगारेट, काडी ओढायची ताकद नाही. तेव्हा कीज वाकतो आणि त्याला ती पेटवून देतो. वाइल्डरने यापुढे गॅस चेंबरमधल्या मृत्युदंडाचा लांबलचक प्रसंग चित्रित केला होता, सेटवर खर्च केला होता. कापून टाकला.

माझ्या नोकरीत एका एजंटला मीच पकडलं होतं. चांगला मुलगा होता, माझ्या घरी जेवून गेलेला. याहून जास्त लिहीत नाही.


दारखिडकी

धागा उशिरा बघितला. चित्रपट काल रात्री पाहिला आणि कोडं सुटलं, कारण पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

कीज संशय घेऊन नेफच्या फ्लॅटवर येतो. त्याच वेळी फिलिस येते. कीज बाहेर पडतो, पॅसेजमध्ये उभा राहून बोलत राहतो आणि ती उघड्या दाराच्या मागे लपते. नेफ एका हाताने दार धरून उभा. म्हणजे दार बाहेर, पॅसेजमध्ये उघडतंय! फ्लॅटचं मुख्य दार कोण बाहेर उघडतं? येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर आपटेल. वीस वर्षांत मी असं दार एकाही नकाशात काढलेलं नाही. आणि दार आत उघडलं असतं तर फिलिसला लपायला जागाच नव्हती.


शेवटचाखेळ

बरोबर! बक्षीस तुमचं.

काल भाच्याला बसवून दाखवला. त्या प्रसंगाला तो पुढे सरकून बसला, दोनदा म्हणाला, "मावशी, तो मागे बघेल का?" दार-बिर काही दिसलं नाही त्याला. चित्रपट संपल्यावर मी चूक सांगितली तर विश्वास बसेना, उठून आमचं दार उघडून बघून आला. आत उघडतं.